कागद वाचणार कोण?

इतिहास म्हटला की आपण महाड सांगतो, काळाराम सांगतो, नागपूरची दीक्षाभूमी सांगतो. सांगितलाच पाहिजे. पण आज मला एका कागदाचा इतिहास सांगायचा आहे. हा कागद शाळेतून घरी येतो. त्यावर वर लिहिलेलं असतं, 'पालकांसाठी सूचना'. शाळा अमक्या तारखेला उघडणार, फॉर्म तमक्या तारखेपर्यंत भरा, दाखला जोडा, सभेला या. एवढा साधा कागद. ह्यात कसला आला इतिहास, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका.

साल १९७३. मी चौथीत होतो. तेव्हा चौथीला शिष्यवृत्तीची परीक्षा असायची. मास्तरांनी आम्हा चार-पाच पोरांच्या हातात एकेक कागद दिला अन् म्हणाले, घरी द्या. सायक्लोस्टाइल केलेला कागद. शाईचा वास येणारा. पुढं आपल्या चळवळीची पत्रकं, अनियतकालिकं त्याच यंत्रावर निघाली, म्हणून तो वास मी कधी विसरलो नाही. कापूस वेचाईचे दिवस होते. माय दिवस बुडाल्यावर घरी आली. मी कागद पुढं केला.

"काय म्हनते रे कागद?"

मी अक्षर लावून लावून वाचलं. आपल्या पाल्यास सदर परीक्षेस प्रविष्ट करावयाचे असल्यास विहित नमुन्यातील अर्ज सादर करावा.

"पाल्य म्हंजे काय रे बापू?"

"पाला असंन," मी म्हणालो. घरी बकरी होती. तिला पाला लागायचा. मला तेवढाच शब्द ठाऊक.

मायनं कागद उलटसुलट करून पाह्यला. खाली गोल शिक्का होता. "सरकारी कागद हाय. जपून ठेवा लागते," म्हणाली. अन् तिनं तो पत्र्याच्या पेटीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली, घडी करून ठेवून दिला. तिनं तो इतका जपला की तारीख निघून गेली. मग एक दिवस वर्गात परीक्षेला बसणाऱ्या पोरांची नावं वाचली. माझं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, तुह्या घरून तर काहीच आलं नाही.

मास्तर खोटं बोलले नाहीत. त्यांनी सूचना दिली होती. माझ्या मायनं दुर्लक्ष केलं नव्हतं. तिनं घरातल्या सगळ्यात मोलाच्या जागी कागद ठेवला होता. मग चूक कोणाची? माय गेल्यावर पेटी उघडली, तर कागद तिथंच होता. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. त्याचं उत्तर शोधायला मागं जावं लागतं.

वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. कचेऱ्या आल्या, मोजणी आली, कापसाचे बाजार आले, सरकारी शाळा आल्या. गावात सरकारची कोणतीही खबर पोहोचवायची तर डौंडी द्यायची. डौंडी कोण द्यायचा? आपला आजा-पणजा. सांगावा घेऊन पळणं, मयताची खबर पावण्यांच्या गावी नेणं, पाटलाचा कागद तालुक्याला नेऊन देणं, ही महाराची कामं. म्हणजे पाहा, गावातली सगळी सूचना आपल्या पायांवर चालत होती. आपण कागद वाहत होतो, पण त्यावर काय लिहिलं ते आपल्याला वाचता येत नव्हतं. गावाला सूचना देणाराच सूचनेच्या बाहेर. जातीव्यवस्थेची कारागिरी ह्याहून वेगळी काय दाखवायची?

अन् आपण मागितलं नाही असंही नाही. १८५६ साली धारवाडच्या एका महार पोरानं सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारनं काय केलं? एका पोरासाठी सगळी शाळा ओस पडेल म्हणून हात वर केले. शाळा सरकारी, पैसा रयतेचा, अन् दार बंद. पुढं १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढं शिक्षणाचं निवेदन मांडलं, तेव्हा हे धारवाड प्रकरण त्यांनी मुद्दाम नोंदवलं. त्या पोराचा अर्ज नाकारला गेला, पण कागदावर राहिला. म्हणून तर आज आपण त्याच्याविषयी बोलू शकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

त्याच्या आधी १८५५ साली जोतिबांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीनं आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला अन् तो 'ज्ञानोदया'त छापून आला. म्हणजे शाळेचं दार जरा किलकिलं झालं की आपली पोरगी तीनेक वर्षांत काय करू शकते ते दिसलं होतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिबांनी सांगितलं की निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सक्ती हा शब्द नीट ऐका. शाळा उघडली, ज्याला यायचं त्यानं यावं, एवढ्यानं आपल्यापर्यंत काही येत नाही, हे जोतिबांना कळलं होतं.

ती सक्ती कशी करायची ते दोन संस्थानिकांनी दाखवलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. दंड म्हटला की आपल्याला राग येतो. पण ह्याचा अर्थ काय होतो पाहा. शाळेच्या वयाचं पोर कोणत्या घरात आहे हे सरकारला शोधावं लागलं, अन् बापाला त्याच्या नावानं सांगावं लागलं की तुझं पोर शाळेत आण. ज्या बापाला आजवर 'चल रे, ओझं उचल' एवढाच हुकूम ठाऊक, त्याच्याशी सरकार पहिल्यांदा त्याच्या लेकराच्या शिक्षणाविषयी बोललं. पुढं १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या अन् पोरं एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला.

आपल्या वऱ्हाडात काय झालं? आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पण सक्ती करायची की नाही हे नगरपालिकांनी अन् लोकल बोर्डांनी ठरवायचं. बोर्डावर कोण बसलेले? ज्यांच्या वावरात आपली पोरं राखण करायची तेच. ते सक्ती कशाला करतील? कायदा पुस्तकात राहिला, पोर वावरात राहिलं.

१९२७ चं साल आपल्या अमरावतीचं साल आहे. नोव्हेंबरच्या १३ तारखेला वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद अमरावतीला भरली. बाबासाहेब अध्यक्ष. अंबादेवीच्या देवळाचा प्रश्न पुढं होता. परिषद चालू असतानाच त्यांच्या थोरल्या भावाच्या, बाळारामांच्या मृत्यूची खबर आली. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण त्याच वर्षी मार्च महिन्यात, १२ तारखेला, मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेबांनी शिक्षणावर जे भाषण केलं ते आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? त्यात त्यांनी हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शंभर पोरं घातली तर चौथीपर्यंत अठराच पोहोचतात. बाकीची निरक्षर होऊन परत जातात. अन् ह्याच चालीनं गेलो तर शाळेच्या वयाची सगळी पोरं शाळेत यायला चाळीस वर्षं लागतील. पोरींना? तीनशे वर्षं. देवळाचं दार अन् शाळेची गळती, दोन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच वर्षी हाती घेतल्या होत्या. आपण एक उचलली, दुसरी विसरलो.

अमरावतीतच पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं, जिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहात. गाडगेबाबा तर आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचा शाळेत पाय पडला नाही, पण कीर्तनात ते देव कमी अन् शाळा जास्त सांगायचे. जेवायचं भांडं विकावं लागलं तरी चालेल, पण पोराला शिकवा, असा त्यांचा रोख. बायाही मागं नव्हत्या. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, हजारो बाया जमल्या, तिच्या अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेनं मुलींच्या वसतिगृहांची मागणी केली. म्हणजे माझ्या मायच्या पिढीत शिक्षणाची भूक नव्हती हे कोणी बोललं तर त्याच्या तोंडावर हे साल मारा.

स्वातंत्र्य आलं. घटना आली. कलम ४५ मध्ये लिहिलं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत अन् सक्तीचं शिक्षण. दहा वर्षं १९६० ला संपली. १९६२ च्या १ मे ला जिल्हा परिषदा आल्या, गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. पण शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली अन् त्याचा कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडलं. पन्नास वर्षांचा उशीर. माझा कागद त्या पन्नास वर्षांतला आहे.

आता दाखल्याची गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म घेतला. दुसऱ्या वर्षी बाप पोराचं नाव घालायला शाळेत गेला. मास्तरनं विचारलं, जात काय लिहू? बापानं मान ताठ करून सांगितलं, बौद्ध लिहा. लिहिलं. त्या एका शब्दानं केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारनं १९६० साली सवलती दिल्या, पण केंद्रात नवबौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळायला १९९० साल लागलं. चौतीस वर्षं. तरी आपल्या बापांनी ताठ मानेनं तोच शब्द लिहायला लावला. ह्याला म्हणतात धम्मक्रांतीची किंमत मोजणं.

अन् आज? जातीचा दाखला काढायला अन् पडताळणीला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. सगळ्यात चांगला पुरावा कोणता? आजोबाचं नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असणं. आता हा न्याय पाहा! ज्या आज्याला शाळेत येऊ दिलं नाही, त्याच्या शाळेचा उतारा नातवाला मागतात. मग आपली पोरं कोतवाल बुकाची नक्कल काढायला तहसिलीत उभी राहतात. गावातली जन्म-मृत्यूची खबर कोतवालानं द्यायची अन् ती त्या बुकात चढायची. म्हणजे शाळेनं जो पुरावा ठेवला नाही, तो गावच्या खबऱ्यानं ठेवला. आपल्या माणसानं दुसऱ्यांसाठी वाहिलेली खबर शेवटी आपल्याच कामी आली.

बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. वर्गात बसायला गोणपाट घरून न्यायचं, पाण्याला हात लावायचा नाही, शिपाई नसला तर तहानेलं राहायचं. सगळं सोसलं, पण नाव रजिस्टरात होतं. आता महाराष्ट्रात २०१७ पासून ती तारीख विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. नोंदीची ताकद ही अशी असते. नोंद झाली की माणूस पुसता येत नाही.

पण नुसती नोंद फसवीही असते. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो नावं निव्वळ कागदावरची निघाली. नाव शाळेत अन् पोर पराटीत. नावावर कोणाचं तरी पोट भरतं, पोर तसंच राहतं. म्हणून कागद अन् पोर ह्या दोन्हींवर नजर पाहिजे.

सरकार शाळेच्या मार्गानं आपल्या घरी काय काय धाडत आलंय त्याची यादी करा. १९९२ पासून दुर्बल घटकातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता, शंभरात पंचाहत्तर दिवस हजेरी असेल तर. तो रुपया पंचवीस वर्षांनीही रुपयाच होता. एक दिवस कापूस वेचला तर पोरगी त्याच्या कितीतरी पट आणते, हे कोणत्या सायबाला कळलं नसेल? १९९५ पासून महिन्याला तीन किलो धान्य, ऐंशी टक्के हजेरीवर. २००१ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिजवलेलं अन्न द्या, मग खिचडी आली. १९९६ पासून पाचवी ते सातवीच्या मुलींना सावित्रीबाई फुल्यांच्या नावची शिष्यवृत्ती. प्रत्येक योजनेला फॉर्म आहे, दाखला आहे, बँकेचं पासबुक आहे अन् शेवटची तारीख आहे. हक्क आपल्या दारात हक्क म्हणून येतच नाही. तो सूचना म्हणून येतो. सूचना वाचली तर हक्क, नाही वाचली तर रद्दी.

आता सायक्लोस्टाइल गेलं. सूचना मोबाइलवर येते. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. २०२० च्या मार्चात करोनानं शाळा बंद झाल्या अन् अभ्यासही मोबाइलवर आला. ज्या घरी एकच फोन अन् तोही बापासोबत कामावर, त्या घरच्या पोराची शाळा कुठं भरली? इंग्रजी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांचा फॉर्म ऑनलाइन. नंबर लागल्याचा निरोप मोबाइलवर. सिमकार्ड बदललं की निरोप हवेत. माझ्या मायच्या पेटीची जागा आता बंद पडलेल्या सिमकार्डानं घेतली, एवढाच फरक.

त्या पंचवीस टक्क्यांवरही घाव घालून झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असली तर खाजगी शाळेला ह्यातून सूट. मुंबई हायकोर्टानं मे महिन्यात स्थगिती दिली अन् १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. कोण लढलं? ज्या पालकांनी अन् संघटनांनी ती अधिसूचना वेळेवर वाचली ते. वाचली म्हणून कोर्टात जाता आलं. दुसरीकडे गावची शाळा. २०१७ च्या डिसेंबरात दहाहून कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतं. पट कमी म्हणून शाळा बंद, अन् शाळा लांब गेली म्हणून पोरगी घरी. लांबच्या शाळेत पोरगी धाडणारी माय तुम्ही पाहिली असेल, मी न धाडणाऱ्याही पाहिल्या.

इथं आपल्याच लोकांना दोन शब्द सांगतो, राग आला तरी चालेल. आपल्यातले शिकले, मास्तर झाले, बाबू झाले, अमरावती-अकोल्याच्या कॉलनीत घरं बांधली. त्यांची पोरं कॉन्व्हेंटला. चांगलं झालं, त्याचसाठी तर झगडलो. पण गावच्या पुऱ्यात आज सूचना वाचून सांगणारा माणूस राहिला नाही. मांगपुऱ्यात तर आपण कधी गेलोच नाही. जयंतीची वर्गणी प्रत्येक दारातून आणतो, शाळेचा कागद एकाही दारात वाचत नाही. डीजेला पैसा आहे, फॉर्मच्या झेरॉक्सला नाही. मी स्वतःही ह्यातून सुटलेलो नाही. वीस वर्षं मी भाषणं केली. त्या वीस वर्षांत माझ्या गावात किती तारखा निघून गेल्या ते मी मोजलं नाही.

तेव्हा काम काय? साधं काम आहे.

विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडते. त्याच्या आधी पंधरा दिवस विहारात बसायचं. सहा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक पोराची यादी करायची, आपल्या पुऱ्यातली, मांगपुऱ्यातली, पालं टाकून राहणाऱ्यांचीसुद्धा. शाळेकडून आलेली प्रत्येक सूचना दर रविवारी वंदनेनंतर मोठ्यानं वाचायची, अन् आपल्या बोलीत सांगायची. पाल्य म्हणजे तुहं लेकरू, हे सांगायचं.

कायद्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा. जन्मदाखला नाही म्हणून पहिलीत प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा टीसी आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आधार नाही म्हणून शाळेत घेणार नाही, असं म्हणता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या सप्टेंबरात ते सांगून ठेवलंय. अन् शाळा व्यवस्थापन समितीत शंभरात पंचाहत्तर माणसं पालक असली पाहिजेत, निम्म्या बाया असल्या पाहिजेत, अन् वंचित गटाच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा दिली पाहिजे. ही मेहेरबानी नाही, कलम २१ आहे. समितीच्या सभेची सूचना आली की आपली माय तिथं गेली पाहिजे. अंगठा उठवायच्या आधी तिनं विचारलं पाहिजे, "काय लिवलं हाय? वाचून सांगा."

एक बाई सभेत उठून हे वाक्य बोलली तर शाळेचा रंग बदलतो. मी हे पाहिलंय. एका सभेत असंच झालं. कागद वाचावा लागला. त्यात गणवेशाचा हिशेब होता. वाचणाऱ्याचा आवाज मधेच बारीक झाला.

माझ्या आज्यानं डौंडी दिली, त्याला सूचना कळली नाही. माझ्या मायनं सूचना पेटीत जपली, तिला वाचता आली नाही. मला वाचता आली, पण समजली नाही. तुम्हाला वाचता येते अन् समजतेही. आता डौंडी तुमच्या हातात आहे. ह्या वेळी ती आपल्या पुऱ्यात द्या.

येत्या जूनमध्ये पहिला कागद येईल. त्याच्यावर शेवटची तारीख असेल. ती आधी पाहा.

जय भीम.